माझे पडणे आणि वहिनींचे फडके

मित्रांनो, ज्याने वेळ आली की पडावे म्हणूनच ज्याला भिंतीवर बसवतात, आणि तो पडला की ज्याला नावे ठेवतात, असा एक जुना खटका मी आहे. वायरमन मंडळी मला ईएलसीबी म्हणतात. घरातल्या माणसांनी मला इतरही बरीच नावे ठेवली, ती पुढे ओघाने येतीलच. माझे अंग एके काळी पांढरेशुभ्र होते, आता ते जुन्या दातांसारखे पिवळे पडले आहे. पोटावर एक काळा दांडा आहे आणि त्याच्या शेजारी एक इवलेसे पिवळे बटण आहे. त्या बटणाविषयी मला शेवटी काही सांगावयाचे आहे, म्हणून आताच ते ध्यानात ठेवावे.

माझे काम समजण्यास सोपे आहे. वीज एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. जेवढी गेली तेवढी परत आली, तर मी स्वस्थ असतो. परंतु वाटेत थोडीशी जरी ओल्या जागेतून, लोखंडातून अथवा एखाद्या माणसाच्या देहातून जमिनीकडे निसटली, तर पापणी लवण्याच्या आत मी पडतो आणि पुढचा सर्व वीजपुरवठा तोडून टाकतो. ती कोठून निसटली हे मला सांगता येत नाही. मला बोलता येत नाही, लिहिता येत नाही. पडणे एवढीच माझी भाषा आहे, आणि ती भाषा कोणास समजत नसेल तर काय अवस्था होते, तेच मी आज सांगणार आहे.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. एका प्रौढ बाईंनी केसाइतक्या बारीक तारेचे वेढे एका कड्यावर घातले. वेढे घालताना त्यांचे ओठ हलत असत. मध्येच कोणी हाक मारली, तर त्या सर्व वेढे उलगडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. तेच कडे आजही माझ्या पोटात आहे. नंतर मला तपासणीच्या खोलीत नेण्यात आले. तेथे एक गंभीर गृहस्थ प्रत्येकाला जरासा खोटा धक्का देऊन पाहत. जो पडत नसे तो नापास होऊन टोपलीत जाई. मी तत्काळ पडलो. त्या गृहस्थांनी मान न उचलता "पडला. पुढे," एवढेच म्हटले. मित्रांनो, पडल्याबद्दल मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती. त्यानंतर कित्येक वर्षे ती पुन्हा मिळाली नाही.

मी ज्या घरी आलो, ते घर दोन मजली असून त्याच्या मागच्या अंगास एक काचबंद खोली आहे. घराचे कर्ते पुरुष छापखान्यात नोकरीस आहेत आणि त्यांना लहानथोर सर्वच भाऊ म्हणतात. दिवसभर वाकून काम केल्याने त्यांची पाठ धरत असे, म्हणून त्यांनी मोठ्या हौसेने गरम पाण्याचा एक टब आणला आणि तो त्या काचबंद खोलीत बसवला. टबाच्या लाकडी खोक्यात पाणी तापवणारा हीटर, पाणी फिरवणारा पंप, बुडबुडे सोडणारा ब्लोअर आणि एक निळा दिवा, असा सारा संसार आहे. त्या खोक्याची एक फळी उघडते आणि ती नेमकी माझ्या समोर उघडते. त्यामुळे आतला सर्व कारभार मला भिंतीवरून दिसतो.

मला बसवणारा वायरमन शिडशिडीत, कमी बोलणारा आणि हाताचा स्वच्छ माणूस होता. जाताना त्याने भाऊंना माझे पिवळे बटण दाखवले. "महिन्यातून एकदा हे दाबत जा. हा पडला पाहिजे. पडला, तर समजा जिवंत आहे." भाऊंनी मान डोलावली. पुढची अकरा वर्षे ते बटण कोणी दाबले नाही.

पहिले वर्ष मात्र मौजेचे गेले. पाहुणे येत, टबाची स्तुती करीत, पाण्यात पाय सोडून गप्पा मारीत. माझ्याकडे कोणी पाहत नसे, तथापि मला त्याचे वैषम्य वाटत नसे. पुढे हौस फिटली. टबावर झाकण आले, झाकणावर इस्त्रीचे कपडे आले, कपड्यांवर लोकरीची खोकी आली. पाणी काढून टाकले गेले आणि पंपाच्या जोडातील रबराची चकती आतल्या आत वाळत गेली. माझ्या पेटीत एका कोळ्याने घर केले. त्याच्याशी माझे चांगले जमत असे, कारण तोही फारसे बोलत नसे.

आता अक्कांविषयी सांगणे अगत्याचे आहे. अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. त्या शिवणकाम करतात. समोरच्या खोलीत त्यांचे पायाने चालवण्याचे शिलाई मशीन आहे. त्याचा टकटकाट काचबंद खोलीपर्यंत ऐकू येई, आणि तो ऐकू आला की घरात सर्व काही ठीक आहे असे मी समजत असे. गेल्या वर्षी अक्का जिन्यावरून घसरल्या आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर निघाले, पण गुडघा लाकडासारखा ताठ राहिला आणि टकटकाट थांबला.

व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. त्यांच्याजवळ गुडघ्याचा कोन मोजण्याची दोन पट्ट्यांची मापपट्टी होती. पहिल्या दिवशी गुडघा साठ अंशच वाकला. अक्कांनी विचारले, की मशीन चालवायला किती लागतो. बाई स्वतः मशीनवर बसल्या, पाय मारून पाहिला, आपलाच गुडघा मोजला आणि म्हणाल्या की नव्वद. डॉक्टरांनीही तोच आकडा सांगितला होता. सहा आठवड्यांत गुडघा नव्वदच्या आसपास आला नाही, तर पुन्हा रुग्णालयात नेऊन, भूल देऊन, तो जोराने वाकवावा लागेल, असे ते म्हणाले होते. अक्कांना त्या एका गोष्टीची फार धास्ती होती. उपाय एकच होता. रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे गरम पाण्यात बसून गुडघा वाकवावयाचा.

झाले, लोकरीची खोकी उतरली, झाकण निघाले, टब भरला आणि भाऊंनी माझा दांडा वर केला. अकरा वर्षांच्या आयुष्यात आपण कोणाच्या तरी खऱ्या उपयोगी पडत आहोत, असे मला प्रथमच वाटले. पहिल्या आठवड्यात गुडघा साठावरून बहात्तरवर आला. अक्का पाण्यात बसून गाणी गुणगुणत आणि व्यायामाच्या बाईंची नक्कल करीत. "आणि सोडा, आणि दाबा, आणि चेहरा हसरा ठेवा." हे ऐकून वहिनी दारात उभ्या राहून हसत.

वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. त्यांच्यासारखी टापटीप मी कोठेही पाहिली नाही, अर्थात मी फार काही पाहिलेलेही नाही. त्या काचबंद खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे आणि वहिनींनी ती गेली कित्येक वर्षे स्वतःच्या हाताने तेल लावून चमकवली आहे. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्यांना टबाच्या कडेला जमिनीवर पाण्याचा एक डाग दिसला. त्यांनी फळी उघडली. पंपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होते. ती वाळलेली रबराची चकती अखेर हरली होती.

आता एवढ्याशा थेंबासाठी कोणास बोलवावयाचे, असा विचार करून वहिनींनी जुन्या चादरीचे एक फडके आणले आणि त्या जोडाभोवती घट्ट गुंडाळले. फडक्याचे एक टोक लांब राहिले. ते जमिनीवर लोंबू नये म्हणून त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि शेजारच्या एका डबीवर ठेवून दिली. मित्रांनो, ती डबी म्हणजे हीटरच्या तारा जोडण्याची डबी होती.

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. जमीन कोरडी राहिली आणि वहिनी समाधानाने निघून गेल्या.

कापडाचा धर्म असा आहे, की ते एका टोकाने पाणी पिते आणि दुसऱ्या टोकाने सोडते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का पाण्यात असतानाच वीज कोठेतरी निसटू लागली आणि मी पडलो. बुडबुडे थांबले, निळा दिवा विझला. भाऊंनी मला उचलले, मी पुन्हा पडलो. त्यांनी पुन्हा उचलले, मी पुन्हा पडलो. अक्का निवत चाललेल्या पाण्यात बसून म्हणाल्या, "जावईबुवा रुसलेले दिसतात." तेव्हा सर्व हसले. ते हसणे फार दिवस टिकले नाही.

मला बसवणाऱ्या त्याच वायरमनला निरोप गेला, तो उद्या सकाळी येतो म्हणाला. आणि येथून माझ्या मनस्तापास सुरुवात झाली. कोणी बाहेरचा माणूस घरात येऊन टबाचे पोट उघडणार, ही गोष्ट वहिनींच्या दृष्टीने परीक्षेसारखी होती. सकाळी लवकर उठून त्यांनी फळी उघडली. प्रथम ते ओले फडके काढले, कारण असले चिंधीचे बोळे परक्याच्या दृष्टीस पडणे बरे नव्हे. मग आतला प्रत्येक नळ, प्रत्येक तार, प्रत्येक कोपरा पुसला. पाण्याने उमटलेली पांढरी रेघ व्हिनेगर लावून घासून काढली. शेवटी त्यांनी हेअर ड्रायर आणला आणि हीटरची डबी बाहेरून-आतून वाळवली. वायरमन आला तेव्हा टबाचे पोट जेवणाच्या ताटासारखे लख्ख होते.

त्याने डबी उघडली, तारा पाहिल्या, आपल्या यंत्राने गळती मोजली. गळती नव्हती. त्याने मला उचलले, मी उभा राहिलो. का पडू? एक तास टब चालला. वहिनींनी त्याला चहा दिला. त्याने कपाळाला आठ्या घालून सांगितले, की आता तर सर्व ठीक आहे, पुन्हा झाले तर लगेच कळवा. तो गेला आणि वहिनींनी एक धुतलेले, कोरडे फडके आणून त्याच जोडाला गुंडाळले आणि टोकाची घडी त्याच डबीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी पडलो.

दुसऱ्या खेपेस वायरमनने अधिक कसून शोध घेतला. त्याने हीटर सोडवून पाहिला, मग पंप, मग ब्लोअर, मग दिवा. एकेक वेगळा करावा, बाकीचे चालू करावे आणि मी पडतो का ते पाहावे, अशी त्याची पद्धत होती. पद्धत उत्तम होती, तिला दोष देता येणार नाही. परंतु सकाळीच वहिनींची पद्धत तिच्या आधी येऊन गेली होती. शेवटी त्याने नेमका प्रश्न विचारला, की आत कोठे पाणी गळते काय. तो प्रश्न ऐकून मला एवढी आशा वाटली, की माझा दांडा थरथरला असेल. वहिनींनी अभिमानाने उत्तर दिले, "छे हो, एक थेंबसुद्धा जमिनीवर पडत नाही." आणि ते अक्षरशः खरे होते. त्यांच्या मनात लबाडीचा लवलेशही नव्हता. जमीन कोरडी, म्हणजे गळती नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी समोरच्या भिंतीवर असून मला हे सर्व दिसत होते आणि माझ्याजवळ सांगण्यास शब्द नव्हता. यंत्र असण्याचा एवढा संताप मला पूर्वी कधीही आला नव्हता. पडून दाखवावे, तर तेही हातात नव्हते, कारण वीज एक कणभरही निसटत नव्हती.

दरम्यान कधी दोन, कधी तीन दिवस टब बंद राही. पाणी थंड झाले की अक्कांचा गुडघा आखडे. तो पंच्याहत्तरवर गेला होता, तो अडुसष्टवर आला. व्यायामाच्या बाई मापपट्टी मिटताना आकडा हळू आवाजात सांगू लागल्या. अक्कांनी गुणगुणणे सोडले. जावईबुवा हे नाव मागे पडले आणि मला दळभद्री, नाटक्या, रडतोंड्या अशी विशेषणे मिळू लागली. येता-जाता भाऊ माझ्या पेटीवर बोटाने टिचकी मारीत. ती प्रेमाची नव्हती.

तिसऱ्या खेपेस भाऊ रजा काढून घरी थांबले. पुन्हा तेच झाले. फडके नाही, ओल नाही, गळती नाही. भाऊंचा तोल सुटला. "तीनदा आलात, तीनदा ठीक म्हणालात. मग खोटं कोण बोलतंय, टब की तुम्ही?"

वायरमन शांतपणे हत्यारे पिशवीत भरीत होता. त्याने माझ्याकडे बोट केले. "हा उगाच पडत नाही, भाऊ. कुठेतरी काहीतरी आहे, ते मला दिसत नाहीये. माझं चुकत असेल, याचं नाही."

माझ्या बाजूने उच्चारले गेलेले ते एकमेव वाक्य होते. भाऊंनी त्यावर असे काही उत्तर दिले, की वायरमन चहाही न घेता निघून गेला. त्या घाईत त्याचा टेस्टर, म्हणजे वीज लागताच ज्याच्या मुठीत बारीकसा दिवा पेटतो तो लहान स्क्रूड्रायव्हर, माझ्या खाली भिंतीला मारलेल्या फळीवरच राहिला.

मग शेजारचे रेडिओवाले आले. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत असत आणि त्या बळावर वीज या विषयातील सर्व काही आपल्याला कळते असे त्यांचे मत होते. त्यांनी मला बाहेरूनच पाहिले आणि निदान केले, की याचे वय झाले आहे, याला आता वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. मला भिंतीवरून उतरवण्यात आले. अकरा वर्षांनी माझ्या पाठीला मोकळी हवा लागली. माझ्या जागी एक तरुण, चकचकीत खटका बसला आणि मला त्या फळीवर, टेस्टरच्या शेजारी ठेवून दिले गेले.

नवा खटका दुसऱ्याच दिवशी सकाळी पडला.

वाचकहो, कोणाचे वाईट झालेले पाहून आनंद मानू नये हे मलाही ठाऊक आहे, परंतु त्या दिवशी मला थोडा आनंद झाला. वाटले, आता तरी यांना समजेल. दोन वेगळे खटके एकाच जागी पडतात, तर दोष त्या जागेत असला पाहिजे. रेडिओवाल्यांनी मात्र याचा वेगळाच अर्थ लावला. ते म्हणाले, या खटक्यांची जातच नाजूक, पूर्वी हे नव्हते तेव्हा माणसे आंघोळ करीत नव्हती काय? त्यांनी नवा खटका बदलून आणतो म्हणून दुकानात नेला, आणि तोवर दोन्ही तारा थेट जोडून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

भाऊ जरा घुटमळले. त्यांनी अक्कांना विचारले. सहा आठवडे पुरे होण्यास नऊ दिवस उरले होते. अक्का खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "काय करायचं ते करा, पण पाणी गरम राहू दे. मला परत त्या टेबलावर झोपायचं नाहीये."

पाणी गरम राहिले. पहिल्या दिवशी अक्का दोन वेळा बसल्या, दुसऱ्या दिवशीही दोन वेळा. काहीच झाले नाही. गुडघा बहात्तरवर आला. घरात पुन्हा हसणे सुरू झाले आणि रेडिओवाल्यांना मुद्दाम बोलावून त्यांचे कौतुक करण्यात आले. मी भिंतीवरच्या फळीवर आडवा पडून ते ऐकत होतो. मनात एक विचार आला, तो लपवत नाही. मी खरोखरच उगाच पडत होतो काय? त्या तपासणीच्या गृहस्थांनी मला चुकून तर उत्तीर्ण केले नव्हते? परंतु समोर टबाच्या फळीच्या फटीतून ते फडके दिसत होते. ते आता दोन दिवस अखंड ओले होते आणि त्याच्या टोकाखालची डबी भिजून चिंब झाली होती. निसटणारी वीज टबाच्या लोखंडी सांगाड्यात उतरत होती आणि तेथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जात होती. त्या तारेचा जोडही त्याच पाण्याने हिरवा पडून गंजला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कामावर गेले होते. वहिनी अक्कांना धरून काचबंद खोलीत घेऊन आल्या. टबात उतरण्यासाठी स्टीलचा एक दांडा आहे, तो सांगाड्यालाच जोडलेला आहे. अक्का अनवाणी होत्या आणि कुबडी भिंतीला टेकवून ठेवत होत्या. इतक्यात मागच्या दारावर टकटक झाली आणि वायरमन आत डोकावला. तो आधी सांगून आला नव्हता. त्याचा टेस्टर हरवला होता, तीन घरी शोधून तो येथे विचारावयास आला होता. वहिनींना तसे अवघडल्यासारखेच झाले, परंतु त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवले.

त्याने टेस्टर उचलला. टेस्टरशेजारी मी होतो.

"हा इथे काय करतोय?"

कोणी उत्तर देण्याआधीच त्याने वर भिंतीकडे पाहिले. माझी रिकामी जागा पाहिली, काळी चिकटपट्टी पाहिली. अक्कांचा हात दांड्याकडे निघाला होता.

"अक्का, हात मागे घ्या. कशालाही शिवू नका."

तो ओरडला नाही. ज्या आवाजात आपण झोपलेल्या मुलाजवळ बोलतो, त्या आवाजात बोलला. अक्कांचा हात जेथे होता तेथेच थांबला, दांड्यापासून वीतभर अंतरावर. वायरमनने पुढे होऊन टेस्टरचे टोक त्या चकचकीत दांड्याला टेकवले. टेस्टरच्या मुठीत बारीकसा तांबूस दिवा पेटला. मित्रांनो, तो दिवा तांदळाच्या दाण्याएवढा होता. परंतु तो पाहून वहिनींनी अक्कांना दोन्ही हातांनी धरून मागे घेतले.

त्याने घराचा मुख्य खटका बंद केला. वायरमनने टबाची फळी उघडली. त्या दिवशी तो येणार हे कोणास ठाऊक नव्हते, म्हणून काही काढलेले नव्हते, काही पुसलेले नव्हते, काही वाळवलेले नव्हते. ते फडके आपल्या जागी होते, भरलेले, जड. त्याच्या घडी घातलेल्या टोकातून पाणी डबीत ठिबकत होते. अर्थिंगची तार जोडापासून तुटून बाजूला लोंबत होती. वायरमनने गुडघ्यांवर बसून त्या थेंबांखाली बोट धरून पाहिले.

वहिनी घाईघाईने पुढे झाल्या. "अहो, ते राहू द्या, मी काढते. तुम्ही येणार हे आधी सांगितलं असतं, तर मी सगळं..."

"सांगितलं असतं तर मला हे कधीच दिसलं नसतं, वहिनी."

मग वायरमनने एकेक गोष्ट विचारून घेतली आणि वहिनींनी एकेक सांगितली. फडके केव्हा गुंडाळले, प्रत्येक वेळी केव्हा काढले, व्हिनेगर, हेअर ड्रायर, सर्व काही. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला. अक्कांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, मला मारायला निघालीस तेही किती नीटनेटकं." तेव्हा वहिनी रडू लागल्या आणि हसूही लागल्या. त्या दोन्हींपैकी कोणते जास्त होते, हे मला सांगता येणार नाही.

वायरमनने प्रथम अर्थिंगची तार पक्की केली. मग मला हातात घेतले, अंगावरची धूळ शर्टाला पुसली आणि माझ्या जुन्या जागी बसवले. नवा खटका दुकानात होता, म्हणून माझी वर्णी लागली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याने फडके तसेच ठेवले, मुख्य खटका चालू केला आणि माझा दांडा वर केला. मी तत्काळ पडलो. त्याने फडके काढले, डबी कोरडी केली, हीटरच्या तारेचे गंजलेले टोक कापून नवे जोडले आणि पुन्हा दांडा वर केला. मी उभा राहिलो. जोडात रबराची नवी चकती बसली. एवढ्याशा चकतीसाठी हे सर्व रामायण घडले होते.

संध्याकाळी भाऊ आले. सर्व ऐकून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी टिचकी मारली नाही. नंतर ते वायरमनच्या घरी गेले. तेथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण परत आल्यावर त्यांचा चेहरा हलका दिसला. रेडिओवालेही आले. त्यांनी सर्वांना समजावून सांगितले, की गळतीच असणार हे त्यांना पहिल्यापासूनच वाटत होते. अक्कांनी त्यांना विचारले, की मग सांगितले का नाही. त्यावर त्यांना एकाएकी आपले दुकान उघडे राहिल्याचे आठवले.

उरलेल्या सहा दिवसांत मी एकदाही पडलो नाही. अक्का दोनाऐवजी तीन वेळा पाण्यात बसू लागल्या. दात आवळून गुडघा वाकवीत, डोळ्यांत पाणी येई, तरी वाकवीत. शेवटच्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी मापपट्टी लावली. सत्त्याऐंशी. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितले, की उरलेले तीन अंश मशीनच आणील, रुग्णालयाची गरज नाही. त्या दुपारी समोरच्या खोलीतून टक, असा एक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. मग थांबत थांबत, अडखळत, ती जुनी ओळखीची चाल सुरू झाली. मी उभा होतो आणि माझ्यातून वीज जेवढी जात होती, तेवढीच परत येत होती.

अक्कांनी पहिली वस्तू शिवली ती वहिनींसाठी. त्याच जुन्या चादरीच्या उरलेल्या कापडाची, चारही बाजूंनी काठ मुडपलेली, तळहाताएवढी सहा फडकी. देताना त्या म्हणाल्या, "यांना लांब टोकच ठेवलं नाहीये. आता कुठे जातील बघू."

मित्रांनो, आता निरोपाची वेळ आली. तुमच्याही घरी भिंतीवर माझा एखादा भाऊबंद असेल. तो वरचेवर पडू लागला, तर त्याला रडतोंड्या म्हणण्यापूर्वी त्याला काय सांगावयाचे आहे याचा विचार करा. तो उगाच पडत असेल असे समजून त्याला वाटेतून दूर करू नका. आणि कारागीर येणार असेल तेव्हा घर जरूर आवरा, त्याला चहा द्या, बसावयास खुर्ची द्या, परंतु दुखणे जसे आहे तसेच त्याला दाखवा. चिंधी असेल तर चिंधीसकट दाखवा. स्वच्छ पुसून ठेवलेले दुखणे कोणालाही बरे करता येत नाही.

आणि ते पिवळे बटण. हल्ली महिन्याच्या पहिल्या तारखेस वहिनी काचबंद खोलीत येतात. त्या अजूनही प्रथम माझी पेटी आतून-बाहेरून पुसतात, ती सवय काही सुटावयाची नाही. कोळ्याला त्यांनी केव्हाच घालवून दिले आहे. मग त्या करंगळीने ते बटण दाबतात आणि मी पडतो. कोणी कपाळाला हात लावत नाही, कोणी नाव ठेवत नाही.

"पडला," असे त्या समाधानाने म्हणतात, मला उचलून उभे करतात, आणि पुढच्या कामाला लागतात.